दुसऱ्याच्या पायांचा नवस

"पावलं मोजायची नाहीत, देल्फिना. मण्यावर बोट ठेवायचं आणि खाली बघून चालायचं. मोजलीस की ती तुझी झाली, देवाची राहिली नाहीत."

देल्फिनाची आई हे सांगायची तेव्हा दोघी मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातून चार तासांची वाट चालत देवळाकडे निघालेल्या असायच्या. नवस बहुतेक वेळा आईचा नसायचाच. गल्लीतलं कुणी अंथरुणाला खिळलं आणि बोललेला नवस राहून गेला, की त्याची बायको नाही तर आई संध्याकाळी दारात येऊन बसायची. फार बोलावं लागायचं नाही. दुसऱ्या दिवशी देल्फिनाची आई शालीखाली जपमाळ घेऊन निघायची. पाय हिचे, नवस त्यांचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आता देल्फिना छप्पन्न वर्षांची होती. अमेरिकेत येऊन तिला एकतीस वर्षं झाली होती. याकिमा खोऱ्यातल्या एका लहानशा गावातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, आपली पावलं यादिरा मोठ्यानं वाचेल याची ती वाट बघत होती.

यादिरा दवाखान्याची कार्यकर्ती. साखरेचा आजार असलेल्या बारा बायकांचा गट तिनं बांधला होता. प्रत्येकीला मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा दिला होता, तो पावलं मोजायचा. आठ आठवडे बांधायचा, दर गुरुवारी आणून दाखवायचा. यादिराचा जन्म इथलाच. ती रोज पहाटे कालव्याच्या कडेनं आखूड चड्डी घालून धावायची. पहिल्यांदा तिला धावताना बघितलं तेव्हा देल्फिनानं गाडी थांबवून विचारलं होतं, "पोरी, कोण मागे लागलंय?"

"दोन्या देल्फिना," मोठ्या बाईला देतात त्या मानानं हाक मारत यादिरानं पहिल्या गुरुवारी कागद वर केला. "सरासरी एक हजार नऊशे."

"तासाला?" मागून कुणी तरी विचारलं.

"दिवसाला."

बायका हसल्या. वाईट मनानं नव्हे. पण देल्फिनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्या नवऱ्याचं, एफ्रेनचं, टायरचं दुकान होतं आणि ती दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसायची. घरून दुकान गाडीनं, दुकानातून चर्च गाडीनं. चर्च दुकानापासून जेमतेम पाव मैलावर. ही गाडी घ्यायला तिला एकवीस वर्षं बागांमधून सफरचंदं तोडावी लागली होती. उंच, पांढरी, मागे दोन ओळी सीटं असलेली गाडी. त्या गाडीतून उतरताना पाय जमिनीला टेकायला क्षणभर वेळ लागायचा, आणि तो क्षण तिला आवडायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कबुलीच्या वेळी पाद्रींनाही नाही.

त्या शुक्रवारी ती खरंच चालायला निघाली होती. रस्त्याच्या कडेनं, उन्हं उतरल्यावर. पहिली गाडी थांबली: "दोन्या देल्फिना, गाडी बिघडली का? बसा." दुसरी थांबली: "लायसन्स काढून घेतलं की काय पोलिसांनी?" तिसरीत चर्चमधल्या वेलासको नवरा-बायको होते. बाईनं काच खाली केली आणि आवाज बारीक करून विचारलं, "एफ्रेनशी काही झालं का?"

"नाही हो, सहज फिरायला."

"इथं? रस्त्यावर?" बाईनं नवऱ्याकडे बघितलं. "बसा, बसा. मनात काही ठेवू नका."

त्या रस्त्यानं कोण चालतं हे देल्फिनाला ठाऊक होतं. काल आलेले, कागद नसलेले, दारू पिऊन गाडी गमावलेले. एक काळ तीही चालायची. तो काळ संपावा म्हणून तर सगळं केलं होतं. ती तिसऱ्या गाडीत बसून घरी आली आणि पुन्हा पायी निघाली नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती तोमासाला गाठायला गेली.

तोमासा तिच्याच गावची. एकाच ओढ्यावर कपडे धुतलेली. तोमासाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला देल्फिना धर्ममाता म्हणून उभी राहिली, त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या आणि अहो-जाहोवर आल्या. धर्ममातेचं नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. त्यात थट्टा चालते, खोटं चालत नाही. तोमासा अजून बागेत जायची. जून महिना, फळांच्या विरळणीचे, जास्तीची कोवळी फळं खुडून टाकायचे दिवस. पहाटे पाचपासून शिडी खांद्यावर घेऊन एका झाडाकडून दुसऱ्याकडे, चढ, उतर, पुन्हा चढ.

"कोमाद्रे, तुमच्याकडे एक मागायचंय." देल्फिनानं पट्टा पर्समधून काढला.

"हे पावलं मोजायचं ना? आमच्या मुकादमाकडे आहे. दिवसभर त्याच्याकडेच बघत असतो, झाडाकडे बघतच नाही."

देल्फिनाला खरं सांगायचं होतं. दवाखान्यातल्या बायका हसतात, आठ आठवडे हा बांधून हिंडा, माझं हसू होणार नाही. एवढंच होतं ते. पण तोमासाचे राठ, चिरा पडलेले हात समोर होते आणि देल्फिनाची नखं रंगवलेली होती, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून निघेना. जे निघालं ते वेगळंच होतं.

"नवस आहे माझा. आतोचाच्या बाळयेशूला. साखर उतरावी म्हणून. मला चालणं होत नाही, तुम्हाला माहितीय. तुम्ही चालाल का माझ्या वतीनं?"

तोमासाचा चेहरा एकदम गंभीर झाला. "आणि हा पट्टा कशाला?"

"नोंद राहते."

"देवाला आता नोंद लागते?" ती हसली, पण हात पुढे केला. "बांधा. किती दिवस?"

"आठ आठवडे. दर बुधवारी संध्याकाळी मी घेऊन जाईन, शुक्रवारी परत देईन."

तोमासानं क्रूसाची खूण केली, अंगठ्याचं चुंबन घेतलं. तिनं आणखी काही विचारलं नाही. आपण काही फार मोठं केलेलं नाही, असं देल्फिनानं घरी येताना गाडीत स्वतःला समजावलं. गावात असं होतच होतं. आईनं अर्ध्या गल्लीचे नवस चालून फेडले होते.

फरक तिला कळत होता. त्या अर्ध्या गल्लीनं नवस खरोखर बोललेला असायचा.

पुढच्या गुरुवारी यादिरानं कागद वाचला आणि बायकांनी वळून देल्फिनाकडे बघितलं. "सतरा हजार." त्याच्या पुढच्या आठवड्यात एकोणीस. मग बावीस. मग चोवीस. आकडा का वाढतोय हे देल्फिनालाही कळेना, पण विचारायची सोय नव्हती. यादिरानं भिंतीवरच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे सोनेरी चांदण्या चिकटवल्या. "बघा, इच्छा असली की होतं," ती बाकीच्यांना म्हणाली. "ऑगस्टमध्ये चर्चच्या सभागृहात दोन्या देल्फिना सगळ्यांना सांगणार आहेत, त्यांनी सवय कशी लावली."

"मला बोलता येत नाही, पोरी."

"चालता येतं ना, मग बोलताही येईल."

देल्फिनाच्या घरात कोनाड्यात बाळयेशूची मूर्ती होती. हातात काठी, डोक्यावर यात्रेकरूची टोपी. हा बाळ रात्री दारोदार हिंडतो, अडलेल्यांना मदत करतो, आणि त्यात त्याचे बूट झिजतात, असं तिच्या लोकांत मानतात. म्हणून भक्त त्याला लहान मुलांचे बूट वाहतात. देल्फिना दर डिसेंबरला नवे घालायची. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे जपमाळ ओढायचा तिचा नेम एकतीस वर्षांत चुकला नव्हता. त्या दिवसांत नेम चालू राहिला, पण मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघणं तिनं सोडलं. मणी ओढताना ती दिव्याच्या काचेकडे बघायची.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. तीन महिन्यांची साखर मोजून आली होती. उतरली नव्हतीच, थोडी चढली होती.

"मला तुमचं कौतुक वाटतं," डॉक्टर म्हणाल्या, यादिरा भाषांतर करत होती. "रोज वीस हजार पावलं म्हणजे गंमत नाही. पण एवढं चालूनही साखर हलत नाही, याचा अर्थ गोळ्या पुरत नाहीत. सोमवारी या. इन्सुलिन सुरू करू."

 इन्सुलिननं डोळे जातात, असं देल्फिनाच्या गावात प्रत्येक म्हातारी सांगायची. तिची मावशी सुई सुरू झाली आणि वर्षभरात आंधळी झाली होती. सुईमुळे की सुई फार उशिरा आली म्हणून, ते कुणी तपासलं नव्हतं. खरं सांगायचं तर आत्ताच, हे तिला समजत होतं. डॉक्टर, ती पावलं माझी नाहीत. एक वाक्य. पण यादिरा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि तो हात इतका प्रेमाचा होता की तिला तोंड उघडवेना.

"येते सोमवारी," ती म्हणाली.

ती बाहेर आली तर बाकावर तोमासा बसली होती. तिच्या एका पायातला बूट काढलेला होता आणि टाच सुजून लाल झाली होती. दोघींनी एकमेकींना बघितलं. गुरुवार होता. पट्टा देल्फिनाच्या मनगटावर होता, आदल्या संध्याकाळीच तिनं तो तोमासाकडून आणला होता.

यादिरा फॉर्म घेऊन तोमासाशेजारी टेकली. "सिन्योरा, नवीन पेशंट म्हणून थोडे प्रश्न. मोकळ्या वेळात व्यायाम करता?"

"मोकळ्या वेळात?"

"म्हणजे कामावरून आल्यावर. फिरायला जाणं, धावणं, झुंबा, व्यायामशाळा."

तोमासानं थोडा विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "नाही. आल्यावर स्वयंपाक करते."

"कधीच नाही?"

"रविवारी जरा बसते."

यादिरानं रकान्यात खूण केली. 'बैठी.' देल्फिनाला तो शब्द उलटा दिसत होता, तरी वाचता आलं. "पायाचं दुखणं वजनामुळेही असू शकतं, सिन्योरा. शरीराला सवय लावायला हवी. ह्यांच्याकडून शिका." तिनं देल्फिनाकडे हात केला. "छप्पन्न वर्षांच्या आहेत. सहा आठवड्यांपूर्वी दोन हजार पावलं होती, आता चोवीस हजार. भिंतीवर बघा."

तोमासानं भिंतीवर बघितलं. चांदण्या बघितल्या. मग देल्फिनाच्या मनगटावरचा पट्टा. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"हो," ती यादिराला म्हणाली. "कोमाद्रे खूप चालतात."

देल्फिनाला वाटलं, हिनं आत्ता सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ती गाडीजवळ थांबून राहिली. अर्ध्या तासानं तोमासा बाहेर आली, टाचेला पट्टी बांधलेली, बूट अर्धा घातलेला.

"बसा कोमाद्रे, घरी सोडते."

"नको."

"असं कसं? पाय बघा तुमचा."

"नवस पुरा होईपर्यंत घरी परतताना गाडीत बसायचं नाही, असं मी कबूल केलंय." तोमासा हे अगदी साधेपणानं म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यापासून. तुमचा चेहरा रविवारी उतरलेला दिसला, म्हणून म्हटलं नुसतं बागेतलं चालणं पुरत नसेल. ते तर मी एरवीही चालतेच, त्यात नवस कसला. म्हणून येताना मजुरांची व्हॅन सोडून दिली. पाच मैल येते पायी. बाकीच्या हसतात. म्हणतात, तोमासाला कुणी तरी वाटेत भेटतो."

देल्फिनाच्या हातात किल्ल्या होत्या. आकडा का वाढत होता ते तिला आता कळलं.

"एक विचारू?" तोमासा म्हणाली. "राग मानू नका. हा पट्टा बाळयेशूचा आहे की यादिराचा?"

दवाखान्यातून एक बाई मुलाला घेऊन बाहेर आली. ती गाडीत बसून जाईपर्यंत देल्फिना किल्ल्या चाळवत राहिली.

"यादिराचा," देल्फिना म्हणाली.

"आणि नवस?"

"नव्हता."

 तोमासानं वाकून बुटाची नाडी सैल केली, पुन्हा बांधली. मग तशीच वाकलेली असताना म्हणाली, "गंमत बघा. ती पोरगी मला म्हणते, ह्यांच्याकडून शिका."

"कोमाद्रे, मला माफ—"

"माफीचं नंतर बघू. आधी दुसरं आहे." ती उभी राहिली. "तुम्ही खोटं बोललात ते माझ्याशी. पण मी त्याच्याशी बोललेय, आणि मी खोटं बोलले नाही. तुमचं नाव घेऊन सांगितलंय, आठ आठवडे, एक दिवसही कमी नाही. त्याला काय माहीत तुमचं काय चाललंय. तो वाट बघतोय. दोन आठवडे राहिलेत आणि माझी टाच गेली. डॉक्टर म्हणते दहा दिवस पाय टेकू नका. मुकादमाला काय सांगू ते वेगळंच."

"उरलेलं मी चालते."

"तुम्ही?"

"मी."

तोमासानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, रंगवलेल्या नखांपासून उंच टाचेच्या सँडलपर्यंत. "चर्चपर्यंत गाडीनं जाता तुम्ही."

"बागेपर्यंत जाईन. तुम्ही जिथून येत होतात तिथपर्यंत, आणि परत. गाडीत बसणार नाही. मी कबूल करते."

"मला नका करू. त्याला करा. मला एकदा सांगून झालंय." तिनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "आणि आजचा दिवस माझा आहे. उद्यापासून तुमचा."

"आज तरी बसा. देवासाठी."

"देवासाठीच नाही बसत," तोमासा म्हणाली, आणि लंगडत रस्त्याला लागली.

देल्फिना गाडीला टेकून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मागोमाग गाडी हळूहळू न्यावी असं एकदा मनात आलं. मग ते चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं: पुढे लंगडणारी बाई, मागे पांढरी गाडी. तिला स्वतःची शिसारी आली.

ती परत आत गेली. यादिरा टेबल आवरत होती. देल्फिनानं पट्टा काढून तिच्यापुढे ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बसून सांगितलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडून दया मिळवायची नव्हती. पावलं कुणाची, पट्टा कसा फिरत होता, नवसाचं काय सांगितलं होतं. शेवटचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की यादिराला पुढे वाकावं लागलं.

"मघाच्या सिन्योरा?" यादिरानं विचारलं. "त्यांच्या पुढे मी..."

"हो."

यादिरानं फाइल उघडली. तो फॉर्म वर काढला. पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. "कामावर किती चालता, हा प्रश्नच नाहीये ह्यात," ती म्हणाली. "फक्त मोकळा वेळ आहे." तिचे कान लाल झाले होते. "मी त्यांना वजन कमी करा म्हटलं."

"तू फॉर्ममधलं वाचलंस. मी घरातून ठरवून आले होते."

"डॉक्टरांना सोमवारी मी सांगू?"

"मीच सांगते. तू फक्त भाषांतर कर. जसं बोलेन तसं कर, गोड करू नकोस."

"इन्सुलिन तरीही लागेल कदाचित."

"लागलं तर घेईन."

यादिरा भिंतीपाशी गेली. चांदण्या नखानं खरवडून काढू लागली, पण त्या चांगल्या चिकटल्या होत्या, कागदासकट निघत होत्या. "राहू दे," देल्फिना म्हणाली. "तोमासाचं नाव लिही वर." मग तिच्या लक्षात आलं की तेही सोपंच झालं असतं. "नको. तिला विचारून लिही. तिला नसेल आवडत."

संध्याकाळी तिनं नेमाप्रमाणे दिवा लावला. जपमाळ हातात घेतली. मूर्तीकडे बघून म्हणायचं असं ठरवलं होतं, पण पहिल्या दहा मण्यांपर्यंत तिला मान वर करता आली नाही. अकराव्या मण्याला तिनं बघितलं. लाकडी चेहरा होता, नेहमीसारखाच, रागावलेला नव्हता. त्यानं तिला जास्तच लाजल्यासारखं झालं. मग तिनं मोठ्यानं, एफ्रेनला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यांदा खरा नवस बोलून दाखवला. साखरेचा उल्लेख केला नाही. तोमासाची टाच बरी होऊ दे, एवढंच मागितलं.

"कुणाशी बोलतेस?" एफ्रेननं विचारलं.

"येते जेवायला."

सकाळी साडेचारला एफ्रेन कॉफी घेऊन दारात आला, तेव्हा ती पायरीवर बसून त्यांच्या मुलानं मागे टाकून दिलेले खेळाचे बूट पायात घालत होती. ते एक बोट मोठे होते. पुढे तिनं कापूस कोंबला होता. काल रात्री जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं होतं.  तो फक्त एवढं म्हणाला होता की तोमासाच्या मुकादमाला तो ओळखतो, त्याचे टायर तोच बदलतो, त्याच्याशी बोलेल.

"पाच मैल जायचे म्हणजे दहा झाले," तो आता म्हणाला.

"हो."

"दुकान?"

"दुपारी येईन. उशीर होईल. चालत येईन."

"लोक विचारतील मला."

"मग सांग."

"काय सांगू?"

देल्फिना उठून उभी राहिली.   तिनं पाण्याची बाटली खांद्याला अडकवली, मनगट चोळलं, जिथं पट्ट्याची खूणही उमटलेली नव्हती, आणि गाडीला वळसा घालून फाटकाबाहेर आली. बागांकडे जाणाऱ्या व्हॅनचे दिवे कोपऱ्यावर वळले. आतल्या बायकांनी काचेला तोंड लावून बघितलं, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. देल्फिनानं मान खाली घातली नाही, वरही केली नाही. ती खडीवर उतरली आणि बागेच्या दिशेनं चालू लागली.